कोंबड्यांच्या दारावरचा पत्रा

बिएल्ला, १८ सप्टेंबर २०२२

प्रिय उबाल्दो,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. आम्ही दोघं नवरा-बायको बरे आहोत. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. डेल्फिनाला नवा चष्मा लागलाय आणि तेव्हापासून घरातली सगळी धूळ माझीच आहे असं ठरलंय. टोमॅटो यंदा इतके आले की आम्ही टोपली घेऊन निघालो की शेजारी दारं लावून घेतात. तू तिकडे स्पेत्सियाला बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, समुद्राच्या हवेनं तुझा खोकला कमी झालाय, हे सगळं कळतं मला. तुझी बहीण डेल्फिना दर रविवारी परसात जाऊन तुला फोन करते. मला पत्ता नाही असं तिला वाटतं. तसंच वाटू दे.

गाडी अजून आहे. तीच लाल टर्बो, अर्धी तुझी, अर्धी माझी. तुझी अर्धीसुद्धा मीच पुसतो.

तिचं ते दुखणं परवापरवापर्यंत होतं. थंड असली की पहिल्या फटक्यात सुरू. घाट चढून आल्यावर पाच मिनिटं बंद ठेवली की संपलं: स्टार्टर आपला फिरतोय, फिरतोय आणि इंजिन ढिम्म. पाऊण तास थांबा, की जसं काही झालंच नव्हतं. उभ्या उभ्या कॉफी पिऊन निघणाऱ्या माणसाला असली गाडी म्हणजे शिक्षाच. एकोणीस वर्षं मी एकतर इंजिन चालू ठेवून कॉफी प्यायलो, नाहीतर सरळ जेवायलाच बसलो. माझं पोट या गाडीमुळे सुटलंय असं मी डॉक्टरला सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं नाही.

मी काय काय बदललं ते ऐक. बॅटरी, स्टार्टर, पंपाचा रिले, कॉइल, आणि शेवटी तू ओढलेली सगळी वायर. सगळं नवं, तरी दुखणं तेच. पेट्रोलच्या नळीकडे मात्र मी ढुंकूनही पाहिलं नाही. का, ते तू ओळखलं असशील. एकोणीस वर्षांपूर्वी घाटाच्या शर्यतीच्या दिवशी, गाडी सुरू होईना तेव्हा तू म्हणाला होतास, "रेमिजिओ, पेट्रोल नळीतच उकळतंय. ओलं फडकं टाक तिच्यावर." मी फडकं टाकलं असतं आणि गाडी सुरू झाली असती, तर तू खरा ठरला असतास. पडलो तरी नाक वर, अशी आमच्या घराण्याची रीत.

आता जुलैची गोष्ट. सान क्रिस्तोफोरोच्या दिवशी चर्चसमोर गाड्यांना आशीर्वाद देतात, तिथे मी दरवर्षी गाडी नेतो आणि इंजिन चालूच ठेवतो. यंदा फादर एलिजिओ नवे आलेत. ते म्हणाले, "सगळ्यांनी इंजिनं बंद करा. माझी प्रार्थना मलाच ऐकू येत नाही." केली बंद. प्रार्थना झाली, पाणी शिंपडून झालं, रांग हलली, आणि मी सगळ्यांच्या पुढे आडवा. मागून भोंगे. बारवाली निवेस ओरडली, "आधी तिला पापं कबूल करायला लाव रे, तिच्या मनावर ओझं आहे!"

डेल्फिना खाली उतरली. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, फादरच्या हातातल्या बादलीत बुडवला आणि मला म्हणाली, "बॉनेट उघड."

"अगं, ते पवित्र पाणी आहे."

"गार आहे ना? मग झालं. माझा भाऊ काय म्हणाला होता ते मी तेव्हाही ऐकलं होतं."

फादर म्हणाले, "घ्या बाई, पाणीच आहे ते." तिनं नळीवर रुमाल गुंडाळला. मिनिटभर वाफ निघाली. मग मी चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली. लोक टाळ्या वाजवायला लागले. दोन म्हाताऱ्यांनी तर क्रूसाची खूण केली. चमत्कार झाला असं गावात अजून बोलतात. मला मात्र घाम फुटला होता, कारण चमत्कार नव्हता हे मला माहीत होतं.

घरी आल्यावर डेल्फिना बॉनेटखाली वाकून म्हणाली, "ही नळी तापणाऱ्या टर्बोच्या इतकी जवळ, आणि मध्ये आडोसा कसा नाही? इथे तीन भोकं रिकामी आहेत." नव्या चष्म्याचं हे असं आहे.

उबाल्दो, तो आडोशाचा पत्रा मी काढला होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी, तू जेवायला गेला होतास तेव्हा. तो खडखडायचा, आणि तेवढंच वजन कमी होईल म्हटलं. पहिल्या चढाईत तू सगळ्यांच्या पुढे होतास. वरून खाली आलास, दुसऱ्या चढाईसाठी रांगेत तापलेली गाडी बंद केलीस, आणि ती सुरूच झाली नाही. तेव्हा मी सगळ्या गावासमोर म्हणालो, की हा वायर ओढत नाही, बुटाच्या नाड्या बांधतो. पत्रा मला त्याच क्षणी आठवला होता. आधी नाही, नंतर नाही, त्याच क्षणी. तरी मी बोललो. महिन्याभरात तू आपल्या दोघांच्या गॅरेजची तुझी किल्ली टेबलावर ठेवून गेलास, आणि मी तुला थांबवलं नाही.

तो पत्रा इतकी वर्षं कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारावर ठोकलेला होता. रोज सकाळी अंडी काढताना मी तो बघत होतो.

डेल्फिनाला सगळं सांगायला मला सप्टेंबर उजाडला. ऐकून ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग." म्हणून मागच्या रविवारी निवेसच्या बारमध्ये, भर गर्दीत, उभा राहून सांगितलं. वायर बरोबर होती, चूक माझी होती. कुणी हसलं नाही. निवेसनं कॉफीचे पैसे घेतले नाहीत, मला ते जास्त लागलं.

पत्रा घासला, सरळ केला, जागेवर बसवला. काल घाटावर गेलो, गाडी बंद केली, उभ्या उभ्या कॉफी प्यायलो, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. मी खुळ्यासारखा एकटाच हसत बसलो. खूप वर्षांनी इतकं बरं वाटलं.

नोव्हेंबरात लसणीची गरम बान्या काउदा करायची म्हणतो. तू गेल्यापासून डेल्फिनानं ते भांडं चुलीवर ठेवलेलं नाही. सगळ्यांनी एकाच भांड्यात भाज्या बुडवून खायचं ते, दोघांसाठी काय करायचं, म्हणते. मला माफ कर, आणि ये. माफ करायला जमलं नाही तरी बहिणीसाठी ये, मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसेन.

पत्र्याला तीन बोल्ट लागतात. मी दोनच आवळलेत. तिसरा या पाकिटात आहे. तोवर पत्रा खडखडतो. खडखडू दे.

तुझी वाट बघणारा
रेमिजिओ