मुका मनोरा

मनोऱ्याची छावणी,
१२ डिसेंबर १९६४

प्रिय लिडिया हिला डोंगरावरून प्रभूत सलाम.

मी बरा हाय. थंडी लई हाय, पण तू विणलेला स्वेटर अंगावेगळा करत न्हाई. आईचे गुडघे कसे हायेत? सांजची प्रार्थना आता कोण चालवतं?

विचारतो, कारण तू लिहिलंस की सांजच्याला तू शेजारच्या संपतच्या ओसरीवर रेडिओ ऐकायला जातेस. "हा तुमच्या मनोऱ्याचा आवाज, असं संपतभाऊ सांगतात. तो आला की तुम्ही जवळ बसल्यागत वाटतं." वाचून लई बरं वाटलं. मग दोन दिवस जेवण गोड लागंना.

अगं, आपल्या कवठ्यात ऐकू येतं ते पुणं केंद्र. आमचा रेडिओचा मनोरा अजून निम्माच उभा हाय. मी त्याला नुसता रंग मारतोय.

आन् संपतला हे ठाऊक हाय. दौंड स्टेशनावर मला सोडायला तोच आला होता. हा मनोरा बोलायला दोन वर्षं लागतील, हे मी तवाच त्याला सांगितलं होतं.

त्याची बायको माहेराहून आली का? सहज विचारतो.

संपतला एवढंच सांग, मनोरा अजून मुका हाय. आन् ऐकताना त्याचं तोंड कसं झालं, ते मला लिही.

तुझाच,
गिदोन