पस्तीस टक्के

चि. हर्षास, सानगडीहून बाबांचा जयभीम.

कमलेशच्या स्वमग्नतेचा दाखला दवाखान्यातल्या बोर्डाने पस्तीस टक्के अपंगत्वाचा दिला. चाळीसच्या खाली सरकारचं काहीच लागू होत नाही. माझ्यानंतर तुझ्या भावाला जिथे ठेवायचं ठरलं होतं, त्या केंद्रातली जागाही आता नाही. फोनवर मी तुला म्हटलं, डॉक्टरांनी नीट पाहिलंच नाही. ते खोटं आहे. हे पत्रही बहुतेक पोस्टात पडणार नाही.

डॉक्टर भले होते. त्यांनी विचारलं, "गुरुजी, मुलगा बोलतो का?" तू बजावलं होतंस, "बाबा, घरी जसा रायते तसाच दिसू द्या त्याले." पण बत्तीस वर्षांचा माझा मुलगा मान खाली घालून बसलेला, मला राहवलं नाही. म्हटलं, "कमलेश, नदीची कविता म्हण बेटा." त्याने चौथीच्या पुस्तकातली अख्खी कविता म्हटली, माझ्याच चालीत, एक शब्द न चुकता. नर्सबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "माय वं, हा तं आपल्याहून हुशार हाये!" मी शाळातपासणीच्या दिवसासारखा छाती फुगवून उभा. तहान लागली तरी त्याला पाणी मागता येत नाही, हे सांगायचं सुचलंच नाही.

फेरतपासणी सहा महिन्यांनी आहे. रोज सकाळी त्याला समोर बसवतो. मी पहिली ओळ म्हणतो, आणि त्याने तोंड उघडलं की त्याच्या ओठांवर बोट ठेवतो. कालपासून जमून राहिलं त्याले.

तुझे बाबा,
ताराचंद