बाबा, पेला कोण भरणार?

प्रिय बाबा,
जय भीम.

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं तुम्हाला पटलं नसतं, ठाऊक आहे. पण आज दुपारी दोन वाजता इथे इंग्लंडमध्ये, श्रूजबरीच्या हॉलमध्ये माझं लग्न आहे, एमेकाच्या रीतीने, आणि सकाळपासून नुसती भीती वाटतेय. कुणाला सांगू?

एमेका नायजेरियाचा, इग्बो समाजातला. त्यांच्याकडे मुलीचा बाप ताडीचा पेला भरून तिच्या हातात देतो. नवरा गर्दीत लपून बसलेला असतो. तिने त्याला शोधायचं, गुडघ्यावर बसून एक घोट घ्यायचा आणि पेला त्याला द्यायचा. तो प्यायला की लग्न लागलं! वाटेत त्याचे मित्र ओरडणार, "इकडे ये, मीच तो!" माझ्या हातून पेला सांडला तर?

हसताय? वस्तीतल्या गुत्त्यापुढे धरणं धरून बसलेल्या माणसाच्या मुलीच्या हातात ताडी! पाचवं शील तुम्ही मला पाढ्यांच्या आधी शिकवलंत.

आईने नागपूरहून आल्या दिवशीच सांगून टाकलं, "मी त्या ताडीला हात लावणार नाही." मी रडकुंडीला आले. माझी रूममेट प्राची म्हणाली, "टेन्शन घेऊ नको यार, काकूंना मी कन्व्हिन्स करते." आईला कन्व्हिन्स! तुम्हाला तीस वर्षांत जमलं का ते?

शेवटी एमेकाच्या काकांकडे गेले. इथे त्यांच्यातले वडीलधारे तेच. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ताडी नको तर नारळपाणी घ्या. पेल्यातलं बदलता येईल. पण हात मुलीच्या घरचाच हवा. नाहीतर घरच्यांनी हो म्हटलंच नाही, असा अर्थ होतो." इथले एक मराठी काका घरचे म्हणून बापाच्या जागी उभे राहायला तयार झाले. मी आईला तसं सांगितलं. ती उठून आपली बॅग आवरायला लागली.

पण बाबा, खरी भीती पेल्याची नाहीच. पेला भरण्याआधी बाप सगळ्यांसमोर मुलीला विचारतो, "या लोकांनी आणलेलं मी पिऊ का? तुझी मर्जी आहे ना?" एमेकाच्या काकांनी हे सांगितलं आणि मी तिथून उठूनच आले.

कारण तुम्ही हेच विचारलं होतंत, फोनवर. एमेकाचं नाव ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "हे तू स्वतः ठरवलंस का?" आणि मी काय केलं? "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणत फोन ठेवून दिला. आवाज येत होता, बाबा. मागे आईच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली. मला वाटलं, तुम्ही रागावलात. रविवारी नीट बोलू म्हटलं, आणि शनिवारी तुम्ही गेलात. एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला?

काल हे सगळं आईला सांगून टाकलं. तिला इतके दिवस वाटत होतं, लाइनच तुटली. ती म्हणाली, "तासभर फोनजवळून हलले नव्हते ते. पुन्हा लागेल, म्हणत होते."

रागावून बसला होतात की उत्तराची वाट पाहत? ते तिलाही सांगता येईना.

आज उठून पाहते तर टेबलावर तुमचा स्टीलचा पेला, तुमचं नाव कोरलेला, घासून लख्ख केलेला! आईने तो लुगड्यात गुंडाळून आणला होता, मला पत्ताच नाही. "परक्याच्या हातून नको," ती म्हणाली. "मी भरते. विचारणारही मीच." एमेकाच्या काकांना फोन केला. म्हणाले, "आमच्यात हे पुरुष करतो." मग म्हणाले, "पण घरचा हात आहे. चार लोक कुरकुरतील, त्यांच्याशी मी बोलतो."

तरी धाकधूक आहेच. लोक कुरकुरतील, आईचा आवाज फुटणार नाही, माझा तर त्याहून नाही. आणि तुम्ही नाराजच गेला असाल तर?

तरीही एक कबूल करते. आई विचारेल तेव्हा मी मराठीतच उत्तर देईन, हॉलभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. हो बाबा, मी स्वतः ठरवलं. आणि या वेळी आवाज येत नाही म्हणणार नाही.

तुमची,
सुजू