सकाळी सातचा पाऊस

३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. आत्या, तुझ्या अंगणात रोज सकाळी सातला पाऊस पडतोय! पाऊस मोजायचा डबा मी बसवला ना, त्याचा ग्राफ मला इथे कॉम्प्युटरवर दिसतो. आजूबाजूला सगळं कोरडं आणि तुझ्याकडे रोज एक सर. कसला भारी पॅटर्न आहे! आमचे सर तर ग्राफ बघून खुर्चीतून उठलेच. येत्या सोमवारी मी हे अख्ख्या डिपार्टमेंटसमोर मांडणारे. शिवाय डब्यात पाऊस पडला की ठिबकचं पाणी आपोआप बंद होतं, म्हणजे पाणीही वाचतंय. काकांचा गुडघा कसा आहे?

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी भाची

७ मे

चि. शहाणीस,
अ. उ. आ.

कुठला पाऊस? इथे थेंब नाही. अंजिरांनी माना टाकल्यात आणि तुझी ठिबकची नळी कोरडी ठणठणीत. ऑपरेशनला जाताना तुझे काका म्हणाले होते, एकवेळ मला विसर, पण झाडांना विसरू नकोस. आता मुलाकडे बसून रोज फोनवर आधी अंजिरांची चौकशी करतात, मग वेळ उरला तर माझी. मी बादली उचलली की तू दम देतेस, हाताने पाणी घातलंस तर हिशेब बिघडेल म्हणून. माझं डोकं बिघडलंय त्याचं काय?

आणि डबा खराब झाला असेल, असं म्हणू नकोस. स्वच्छ ठेव म्हणून तूच बजावलं होतंस. पक्षी त्याच्यावर नको ते करून ठेवतात. म्हणून रोज सकाळी दूध तापेपर्यंत तांब्याभर पाणी ओतून लख्ख धुते.

लोभ आहे, जरा अक्कलही असावी.
आत्या

११ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या!! तांब्याभर पाणी? डब्यात? तुझं पत्र आज मिळालं आणि मी काल सगळ्यांसमोर तुझ्या तांब्यावर तासभर बोलले! एका मॅडमनी त्याला वाऱ्याची दिशासुद्धा जोडून दाखवली. फडक्याने पूस, एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलं, कबूल. पण पाऊस मोजायच्या डब्यात पाणी कोण ओततं गं?

आधी धुणं बंद कर. नळीचा कॉक हाताने उघड, बादल्या ओत, हिशेब गेला उडत. झाडं वाचतील ना? काकांना मी काय तोंड दाखवू?

रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी भाची

१८ मे

चि. पावसाच्या बाईस,
अ. उ. आ.

कॉक उघडला, बादल्या ओतल्या, कंबर गेली. तीन अंजिरांना नवी पालवी आलीय. कोपऱ्यातलं मात्र गेलं, आणि नेमकं तेच त्यांचं लाडकं.

ते रविवारी येतायत. तूही ये, एकटीने बोलणी खायची माझी तयारी नाही. झाड कशाने गेलं विचारलं, तर मी अतिवृष्टीने असं सांगणार आहे. येताना तो ग्राफ घेऊन ये.

लोभ तुझ्यावर आहे, डब्यावर नाही.
आत्या