वळणावरचं गवत

सोमवार, १२

वळणावरचं गवत आज कापायचंच म्हणून कटर खांद्याला लावून निघालो, तर दाजींनी अर्ध्यातून परत बोलावलं. मुकादम तेच आणि ताईचा नवराही तेच — बोलायची सोय नाही. "आधी मोठ्या रस्त्याचे फुटपाथ. साहेब पाहणीला येतायत." म्हटलं, तिथं गवत डोक्याच्या वर गेलंय, समोरून येणारं दिसत नाही. म्हणाले, "गवत काय पळून जातंय?"

दिवसभर फरशांच्या फटींतलं तण खुरपत बसलो.

मंगळवार, १३

पाठ धरलीय. साहेब आलेच नाहीत.

बुधवार, १४

शिंप्याची मुलगी गेली. सायकलवरून क्लासला निघालेली. त्याच वळणावर. टेम्पोवाला रस्त्यातच फतकल मारून बसलेला, एकच धोशा — "दिसलीच नाही हो, गवताआडून एकदम समोर आली."



गुरुवार, १५

दाजी उजाडायच्या आत दारात. "चल, वळण साफ करून टाकू. पोलीस मोजमापाला यायच्या आत." मी कटरला हात लावला नाही. "तुला कामाला कोणी लावलं?" एवढंच म्हणाले.

गेलो. कापलं, पार जमिनीलगत. दोघांनी ट्रॉलीत भरून लांब खाणीत नेऊन टाकलं. परतताना पाहिलं, तर वळण लख्ख. मुंगीसुद्धा दिसली असती.

टेम्पोवाल्याला आत टाकलंय.

शनिवार, १७

शिंपी वळणावर उभा होता. माझ्या लग्नातला कोट त्यानेच शिवलेला. मला पाहून जवळ आला. "इथं गवत होतं ना रे? तुमचे मुकादम सांगतात, आधीच कापलं होतं. मला भ्रम झालाय का?"

मी म्हटलं, "मला नक्की आठवत नाही."

त्याने मान डोलावली. म्हणाला, "असेल, असेल. माझंच डोकं ठिकाणावर नाही." माझ्यावर विश्वास ठेवला त्याने.

रविवार, १८

बायकोला सांगितलं. पोळी तव्यावर तशीच करपली. म्हणाली, "पोलिसांत सांगून या."

"आणि ताईचा संसार?"

तिने करपलेली पोळी काढून दुसरी टाकली.

सोमवार, १९

चौकीत गेलो. बाहेर बाकावर ताई. डोळे सुजलेले, पायाशी कपड्यांची पिशवी. "काल तुझे दाजी सगळं बोलून बसले माझ्याजवळ. घर सोडूनच आलेय इथं सांगायला. तुझं नाव मी घेणार नव्हते," म्हणाली. "पण आलासच, तर चल आत."