आठवड्याची प्राचार्या

मी, खाली सही करणारी, महिला महाविद्यालयाची निवृत्त प्राचार्या, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारा माझा भाचा सध्या परगावी आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

कलम १. चढावरचे माझे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची झाडे यांसह, सध्याच्या प्राचार्याबाईंना मिळावे. त्यांना आम्ही जुनी माणसे ‘मुकी’ म्हणतो. हल्ली सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या की लोक घड्याळाकडे बघतात, तरी नाव तेच राहिले. घर माझ्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क पोहोचत नाही. ‘ही तुझी कोण लागते?’ असे भाचा विचारेल. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मोठा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मुली मैदानावर कवायतीला होत्या म्हणून वाचल्या. वसतिगृह बसले ते त्यांच्या डोळ्यांदेखत. मुख्य इमारतीला इतक्या भेगा गेल्या की आत पाऊल टाकायला बंदी झाली. आम्ही मैदानात पत्र्याची शेड घातली आणि तिथे तास सुरू केले. जमीन अधूनमधून हलतच होती. पत्रा थरथरला की मुली वह्या मिटून बाहेर पळत, आणि थांबला की परत येऊन बसत. संस्थेचे अध्यक्ष रोज गाडीतून येत आणि एकच विचारत, “कॉलेज बंद कधी करायचं?” मुलींनी घरी जावे, ज्यांना शिकायचेच असेल त्यांनी पुढे कधीतरी मुलांच्या कॉलेजात बघावे, असे त्यांचे म्हणणे. घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक होते.

आमच्या प्राचार्या म्हणजे मोठ्या बाई. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र सगळ्या मैदानाला पुरेल असा. त्यांनी आम्हा चार तरुण शिक्षिकांना शेडमागे बोलावले.

“उद्यापासून एकेक आठवडा एकेक जण प्राचार्या, पाचवा आठवडा माझा. अध्यक्षांशी तीच बोलेल. तुमच्या आठवड्यात मी मागे उभी राहीन.”

“आम्हाला नाही जमायचं, बाई,” भूमितीच्या बाई म्हणाल्या.

“मला तरी कुठे जमतंय? पण ‘नाही’ म्हणणारी मी एकटी आहे. उद्या मला काही झालं तर?”

“असं अभद्र बोलू नका हो.”

“मग गोड बोलून शिकवू? ऐका. ‘नाही’ म्हणताना कारण एकच द्यायचं. दोन दिलीत की समोरचा त्यातलं हलकं उचलतो आणि त्यावरूनच तुम्हाला झोडपतो.”

खरोखरच त्या मागे उभ्या राहत. शेडच्या शेवटच्या खांबाला टेकून, मुकाट्याने. आमचे काही चुकले, अध्यक्षांपुढे आम्ही नमते घेतले, की त्या फक्त घसा खाकरत. तेवढ्याने पाठ ताठ होई.

माझ्या आठवड्यात एका दुपारी एक मुलगी नजर चुकवून ग्रंथालयात शिरली. परीक्षा तोंडावर आली होती, पुस्तके आत राहिली होती. तेवढ्यात जमीन हलली. मी शेडमधल्या मुलींना बाहेर काढत होते. मोठ्या बाई ग्रंथालयाकडे धावल्या. मुलगी दारातून बाहेर ढकलल्यासारखी आली, पुस्तके छातीशी धरलेली. तिच्यामागे पश्चिमेची भिंत आत कोसळली. बाई आल्याच नाहीत.

त्यांचा देह उचलून नेला त्या संध्याकाळी अध्यक्ष दवाखान्याच्या फाटकाशी मला म्हणाले, “झालं ते वाईट झालं. आता तरी शहाण्या व्हा. उद्यापासून बंद.”

“उद्या सकाळी तास आहेत,” मी म्हटले.

“कोणी सांगितलं?”

“मी. हा आठवडा माझा आहे.”

 कारण मी एकच दिले.

सकाळी मुली आल्या.  मी फळ्यापुढे उभी राहिले आणि माझा धीर सुटला. मी म्हणाले, “मुलींनो, ज्यांना घरी जायचंय त्यांनी…” वाक्य पुरे झाले नाही. शेवटच्या खांबापाशी कोणीतरी घसा खाकरला. मला भास झाला असे मी आजन्म म्हटले असते, पण शेडमधल्या सगळ्या मुलींनी एकदम मागे वळून पाहिले. खांबापाशी कोणी नव्हते. वळली नाही ती एकच, बाईंनी बाहेर ढकललेली ती. पुढे पुष्कळ काळाने मी तिला विचारले, तेव्हा म्हणाली, “मला माहीत होतं कोण आहे. तोंड कसं दाखवू?”

भिंत कोसळली त्या दिवसापासून तिची वाचा गेली होती. तिची आई तुटक्या रस्त्यांवरून पायपीट करत आली आणि माझे हात धरून म्हणाली, “बाई, हिला इथंच ठेवा. गावात लोक वेडी ठरवतील, कुणाच्या तरी गळ्यात बांधतील.” मी तिला या घरी आणले. ती जेवे, झाडांना पाणी घाली, तासाला बसे, बोलत मात्र नसे. मोठ्या बाईंचा आठवडा कोणी चालवायचा म्हणून आम्ही चौघी एकदा शेडमध्ये वाद घालत होतो. एकीने अंग काढून घेतले, दुसरीचे सासर आडवे आले. तेव्हा मागून घोगरा, गंजलेला आवाज आला, “मी चालवते.” भूमितीच्या बाई चिडून म्हणाल्या, “अगं, तू विद्यार्थिनी!” आणि मग ती बोलली आहे हे ध्यानात येऊन मटकन खालीच बसल्या.

तिने तो आठवडा चालवला. अध्यक्षांना ‘नाही’ म्हणाली. कॉलेज बंद पडले नाही. हे घर तिचे का, ते एवढ्यावरून कळावे. न कळल्यास भाच्याने कोर्टात जावे.

कलम २. भाच्याला माझी हातगाडी, बागेची हत्यारे आणि शिवणयंत्र मिळावे. या ठिकाणी मी त्याच्या आळसाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. लिहीत असता पाठीमागे खाकरणे ऐकू आले, सबब खोडल्या आहेत. खाडाखोडीवर माझी सही आहे. लहानपणी तो माझ्यासाठी पानांचे नमुने गोळा करून आणायचा, हेही खरे.

कलम ३. बँकेतली शिल्लक कॉलेजला द्यावी, ती एकाच कामासाठी. दरवर्षी सर्वांत नव्या शिक्षिकेला एक आठवडा प्राचार्येच्या खुर्चीत बसवावे आणि तिचे तास घेणाऱ्या बाईंना यातून मानधन मिळावे. संकट आल्यावर शिकवायला वेळ नसतो. आमच्या वेळी आम्हाला तो मिळाला हे नशीब. या पैशातून कोनशिला, सत्कार, हारतुरे काहीही करू नये.

कलम ४. माझी तसबीर अध्यक्षांच्या तसबिरीशेजारी लावू नये. ‘कॉलेज ज्यांनी वाचवले’ असे त्यांच्या तसबिरीखाली लिहिलेले आहे. रोज वाचून मला मेल्यावरही झोप लागायची नाही.

कलम ५. ग्रंथालयाची पश्चिमेची भिंत नवी बांधली, तरी कलत्या उन्हात मुली त्या बाजूला बसत नाहीत. त्यांना हसू नये, भीतीवर भाषणही देऊ नये. मीसुद्धा तिथे कधी बसले नाही. मुकीने मला एकदा तिथेच उभी राहून विचारले होते, “ताई, इतकी वर्षं खुर्चीवर आहे, माझ्यामागे कधीच कुणी खाकरलं नाही. मोठ्या बाईंनी मला माफ केलं नाही का?” मला उत्तर सुचले नाही. आता सुचले, ते इथे लिहून ठेवते: अगं, ज्या जिवासाठी त्या आत गेल्या, त्याच्या पाठीशी उभं राहून चुका कशाला शोधतील?

कलम ६. माझा देह वैद्यकीय कॉलेजला द्यावा. तिथे, दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीवर, सगळीकडे नाते विचारतात. माझ्या मागच्या आजारपणात मुकीने दर वेळी ‘विद्यार्थिनी’ सांगितले, आणि दर वेळी तिला बाहेर बसवून परगावच्या भाच्याला फोन लावला गेला. तिची आई हयात असताना मला म्हणाली होती, “अर्धी तुमचीच झाली की हो ती.” तेव्हा मी हसण्यावारी नेले. आता दोन साक्षीदारांसमक्ष, पूर्ण शुद्धीत लिहून देते, की यापुढे कोणी नाते विचारले तर तिने ‘मुलगी’ असे सांगावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली सही करत आहे. लाभार्थी असल्यामुळे मुकीला साक्षीदार होता येत नाही. ती बाहेर पायरीवर बसली आहे आणि आत काय लिहिले, ते तिला अजून ठाऊक नाही.

सही : निवृत्त प्राचार्या

साक्षीदार १ : भूमितीच्या बाई, निवृत्त. (कलम ६ वाचताना चष्मा पुसावा लागला, म्हणून सही थोडी वाकडी आली आहे. ती माझीच आहे.)
साक्षीदार २ : डॉक्टरीणबाई, शेजारीण

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : सोमवार, कॉलेजचे नवे सत्र सुरू होण्याचा दिवस