प्लास्टरचं डोकं

सोमवार, ८ जुलै

शिपायाने दारातच अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं. मुलीचं नाव सांगा, पाठवतो बोलावणं."

ओळखपत्र दाखवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं — जणू मी घरीच छापलंय! मागे उभी असलेली पोरं फिस्स करून हसली. म्हणजे वर्गात पाय ठेवायच्या आधीच माझं नाव पडलं — काकू.

सव्वीस वर्षांपूर्वी याच आर्ट कॉलेजच्या यादीत माझा नंबर लागला होता. बाबा म्हणाले, आधी लग्नाचं बघू. बघितलं. मग बावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवल्या. मेणातून एकेक दात कोरायचा. आता मशीन अर्ध्या तासात अख्खी बत्तीशी काढतं. मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. बंद पडलंय.

यांना विचारलं, कॉलेजला जाऊ का? पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जा की. तेवढाच वेळ जाईल." वेळ जायला जातेय का मी!

गुरुवार, ११ जुलै

तिसरा मजला, उत्तरेच्या उंच खिडक्या, जमिनीवर कोळशाची पूड. मधे स्टुलावर प्लास्टरचं डोकं — कुणा म्हाताऱ्याचं, नाकाचा शेंडा उडालेला. आम्ही बारा जण त्याच्याभोवती. आठ आठवडे हेच डोकं काढायचं. आठ आठवडे! आणि खोडरबर वापरायचा नाही.

सर पन्नाशीच्या पुढचे, काटकुळे. खिशात कायम गवंड्यासारखा ओळंबा. दोरी डोळ्यासमोर धरतात, एक डोळा मिटतात, मग तुमच्या कागदाकडे बघून उसासा सोडतात. पोरं त्यांना "ओळंबा"च म्हणतात.

आज माझ्यापाशी थांबले. "बाई, याआधी काय करत होतात?"

"कवळ्या, सर."

"तरीच."

एवढंच. पुढे गेले. तरीच म्हणजे काय?

सोमवार, २२ जुलै

कान काढला. आठवडाभर एकच कान. लॅबमध्ये माझी ख्याती होती, सुळ्याची धार मी न मोजता आणायचे. कानही तसाच उतरला. शेजारची पोरगी — बारीक आवाजाची, सगळे तिला चिमणी म्हणतात — तोंडाला हात लावून बघत राहिली. "काकू, भारीच!"

सर आले. "कान उत्तम आहे. कुणाचा?"

"या पुतळ्याचा."

"पुतळ्याचं डोकं तर अजून कागदावर नाही. मग हा कशाला चिकटलाय?"

सगळे हसले. चिमणीसुद्धा.

"तुमचा हात फार शिकलेला आहे, बाई. तोच तुम्हाला नडतोय. तुम्ही बघत नाही, आठवता."

माझ्या हाताला नावं ठेवतो! या हाताने शेकडो माणसं जेवतायत!

शुक्रवार, २ ऑगस्ट

विणायची सुई हात ताठ करून धरायची, अंगठ्याने माप घ्यायचं. हनुवटीपासून भुवईपर्यंत किती? तेवढंच भुवईपासून टाळूपर्यंत आहे का? वाकडी रेघ काढायची नाही, सगळं सरळ रेघांनी बांधायचं. गाल गोल दिसतो, पण तो आधी पाच सरळ तुकडे. डोळे बारीक करायचे म्हणजे फालतू तपशील पुसला जातो, नुसता उजेड आणि अंधार उरतो.

हे सगळं खरं आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

यांनी विचारलं, "काय काढलंस?" म्हटलं, "म्हाताऱ्याचं डोकं." म्हणाले, "माझं फुकट काढलं असतंस की." स्वतःच हसले.

मंगळवार, १३ ऑगस्ट

सरांनी आज चिमणीच्या कागदावरून फडकं फिरवलं. तीन आठवड्यांचं काम, एका झटक्यात राखाडी ढग! "आता मोकळं आहे. करा सुरुवात." ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली. मी तिला माझ्या डब्यातलं अर्धं दिलं.

माणूस आहे की दगड?

मंगळवार, २७ ऑगस्ट

सर हल्ली चारच्या ठोक्याला निघतात. आधी साडेपाचपर्यंत रेंगाळायचे. आणि दिवसा मात्र मानगुटीवर बसतात. जेवायलाही जात नाहीत, खिडकीत उभ्याने दोन घास खातात आणि पुन्हा दोरी घेऊन फिरतात. "लवकर, लवकर. डोकं पूर्ण व्हायला हवं." कसली गाडी चुकतेय यांची?

माझं डोकं मात्र छान उभं राहतंय. गळ्याची छाया काल उतरली. ती बघताना तासभर मी कुणाचीच कुणी नव्हते. असं याआधी कधी झालं, आठवत नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

लिहिते. जसं झालं तसंच लिहिते, इथे तरी.

डोकं पुरं झालं होतं. बाराच्या सुमारास सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, आज म्हणतील. काहीतरी म्हणतील.

त्यांनी ओळंबा काढला. माझ्या खांद्यावरून दोरी सोडली, आधी पुतळ्यासमोर, मग कागदासमोर. पुतळ्यात कपाळाची मधली रेघ हनुवटीच्या उजव्या कडेवर येते. माझी डाव्या कडेच्याही बाहेर गेली होती. अख्खं डोकं कललेलं.

"पहिल्या दिवसाची चूक आहे, बाई. तिच्यावर आठ आठवडे माडी चढवलीत." आणि गेले पुढे.

पोरं जेवायला गेली. सरही कधी नव्हे ते खाली गेले. मी एकटी. मी आणि ते नकटं डोकं.

मी क्लिपा काढल्या आणि कागद उभा फाडला. मग आडवा. जाड कागद, दम लागला. काळे हात तसेच मांडीवर ठेवून बसले.

चिमणी पाणी प्यायला वर आली. तुकडे बघून किंचाळलीच. "काकू! सरांनी फाडलं?"

मी तुकडे गोळा करायला लागले.

मी "हो" म्हटलं नाही. पण "नाही"ही म्हटलं नाही. तिने मला मिठी मारली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. तिला काय सांगणार होते? आणि आत कुठेतरी बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

सरांनी माझा रिकामा बोर्ड बघितला. कागद कुठे गेला, विचारलं नाही. स्वतः नवा कागद आणला, चारही कोपरे नीट बसवले. "पुन्हा. आधी उभी रेघ."

मग तीन तास माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. दर रेघेला "थांबा. परत बघा." ओरडले नाहीत. हात धरला नाही. बाकीची पोरं आमच्याकडे अशी बघत होती, जणू मारेकरी येऊन मलमपट्टी करतोय.

मला आणखीच चीड आली. दया नको होती मला!

सोमवार, ९ सप्टेंबर

अर्ज दिला. पोरांनीच ठरवलं, मी नाही. पण "काकू, तुमचं अक्षर चांगलं आहे" म्हणून लिहिला मी. चिमणीच्या कागदावर फडकं फिरवलं — खरं. वर्गासमोर पाणउतारा करतात — खरं. "एका ज्येष्ठ विद्यार्थिनीचा आठ आठवड्यांचा कागद रागाच्या भरात फाडला —"

तिथे पेन अडलं. चिमणी म्हणाली, "लिहा ना, काकू. घाबरू नका."

लिहिलं. बारा सह्या. पहिली माझी. पाकीट चिकटवून प्राचार्यांच्या ऑफिसात दिलं.

हे म्हणाले, "शाब्बास! अशा माणसांची खोड मोडायलाच हवी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाब्बास म्हणाले. ते याच्यासाठी.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सर आले नाहीत. कालही नव्हते. खुंटीवरचं त्यांचं फडकं नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

गेलेच. फळ्यावर नोटीस — उद्यापासून नवे शिक्षक. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी "काकू झिंदाबाद!" म्हणालं. मी पण हसले. तोंड दुखेपर्यंत हसले.

सोमवार, ३० सप्टेंबर

नवे सर तरुण, गोड. सगळ्यांना "सुंदर!" म्हणतात. गाणी लावतात. खोडरबर चालतो, फोटोवरून काढलं तरी चालतं. वर्ग खूश आहे.

मी नकटं डोकंच काढतेय. कोपऱ्यात, एकटी. उभी रेघ, मग कपाळ, मग हनुवटी. दोरीला बोल्ट बांधून ओळंबा केलाय. दर रेघेला मनात "थांबा. परत बघा" येतं, त्यांच्याच आवाजात. शिव्या देते आणि परत बघते. दरवेळी तेच बरोबर निघतात.

बुधवार, ९ ऑक्टोबर

डोकं झालं. दोरी सोडून तीनदा तपासलं. बरोबर आहे. अंगावर काटा आला — ते कागदात बसलेलं नाही, कागदाच्या आत हवा आहे आणि त्या हवेत आहे.

नवे सर आले. "सुंदर!" माझ्या शेजारच्या पोराचं डोकं गाडीखाली आल्यासारखं चेपलंय. त्यालाही, "सुंदर!"

इथे मला एकाच माणसाचं मत हवं होतं आणि त्याच माणसाला मी खोटं लिहून घालवलं. यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "झालं ते झालं. उकरतेस कशाला?" यांचं बरंय, यांनी आयुष्यात काही उकरलंच नाही.

उद्या ऑफिसात जाऊन खरं सांगणार. काढून टाकलं तर टाकू देत.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सरांविरुद्धच्या अर्जाचं बोलायचंय म्हटल्यावर हेडक्लार्कबाईंनी खण उघडला. आमचं पाकीट. तसंच चिकटवलेलं! "हे होय? वाचलंच नाही कुणी. जाणाऱ्या माणसाची कसली चौकशी? सरांनी वीस ऑगस्टलाच राजीनामा दिला होता. बायको अंथरुणाला खिळलीय हो त्यांची, चारनंतर घरी दुसरं कुणी नसतं. तरी थांबले. म्हणाले, पोरांचं पहिलं डोकं पुरं होऊ दे, आणि त्यांना कळू देऊ नका, हात ढिले पडतील."

पाकीट घरी आणलंय. फोडलं नाही. उद्या वर्गात, सगळ्यांसमोर फोडणार.